सहाही खाली

इंद्रपुरीतल्या आमच्या घरात तळमजल्यावर इंगळे राहतात आणि वर आम्ही. मी नायब सुभेदार देवतळे, आर्मी मेडिकल कोअर, ट्रेड नर्सिंग असिस्टंट, सव्वीस वर्षं नोकरी, आता पेन्शनर. प्रभाकर इंगळे इथल्याच मोठ्या कारखान्यात फिटर होते. दोघांचेही वडील विदर्भातून भोपाळला नोकरीसाठी आले आणि आम्ही दोघं बरखेड्याच्या क्वार्टरांत एकाच लाइनीत वाढलो. मी फौजेत गेलो, ते कारखान्यात गेले. म्हातारपणी पुन्हा शेजारी झालो. ते मला साहेब म्हणतात, निम्मं थट्टेनं. मी त्यांना भाऊ म्हणतो, कारण ते चार वर्षांनी मोठे आहेत.

रोज संध्याकाळी साडेपाचला भाऊ अंगणात उभे राहून हाक मारायचे, "साहेब, खाली या!" मग आम्ही फिरायला जायचो. एक मिनिट उशीर झाला की दुसरी हाक यायची, आणि ती पूर्ण गल्लीला ऐकू जायची.

आमच्या भोपाळच्या मराठीबद्दल इथेच सांगून टाकतो. माझी बायको सुनीता पुण्याची. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात मी तिला म्हणालो, बाटली खाली झाली. ती वाकून पलंगाखाली शोधायला लागली. आम्ही हिंदीच्या सवयीनं रिकाम्याला खाली म्हणत होतो. तिने तीस वर्षं माझ्या मागे लागून ती सवय सोडवली. "रिकामी म्हणा हो! खाली म्हणजे पायाशी." युनिटमध्ये साताऱ्या-कोल्हापूरची पोरं होती, तीही हसायची. म्हणून माझं सुटलं. इंगळेभाऊंच्या मराठीला मात्र कोणी हात लावला नाही. त्यांच्याकडे टाकी खाली होते, डबा खाली होतो, आणि रिटायर झाल्यावर ते स्वतःही खाली झाले. "मी सध्या खालीच आहे," असं ते म्हणाले की सुनीता विचारायची, "मग वर कोण आहे, भाऊ?" यावर सगळ्यात मोठ्यानं कमलवहिनी हसायच्या. कमलवहिनी म्हणजे भाऊंची बायको.

कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा मी साठी ओलांडलेली होती. एप्रिलमध्ये शहरात बेड मिळेना. बरखेड्याजवळच्या एका दुमजली मॅरेज हॉलमध्ये लोकांनी मिळून रिलीफ क्लिनिक उघडलं. डॉक्टर एकच, तिवारी मॅडम, शिक्षण संपून दोन वर्षं झालेली मुलगी. सिस्टर दोन. बाकी सगळे व्हॉलंटियर. मी नाव द्यायला गेलो तेव्हा मॅडमनी विचारलं, "अंकल, ऑक्सीजन का कुछ अनुभव है?" मी सांगितलं, सियाचीन बेसला दोन टेन्युअर. त्या क्षणी ऑक्सिजन माझ्या गळ्यात पडला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. घरी बसून फोनवर मेलेल्यांची नावं ऐकण्यापेक्षा हे बरं.

हॉलच्या वरच्या मजल्यावर चौदा खाटांची जागा होती. पहिल्याच आठवड्यात तिथे एकवीस पेशंट झाले, उरलेले गाद्यांवर. तळमजल्यावर ओपीडी. तिथे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर माणसं धापा टाकत बसायची. गेटबाहेर ऑटोंची रांग, आणि प्रत्येक ऑटोत कोणीतरी कोणाच्या तरी मांडीवर डोकं ठेवून पडलेलं. सियाचीनला केस एका वेळी एक यायची, फार तर दोन. इथे मी सकाळी सातला जिना चढायचो तेव्हा पायरीपायरीवर माणूस असायचा, आणि प्रत्येक जण माझा पाय धरायचा. फौजेतल्या माणसाला पाय धरून घ्यायची सवय नसते. पहिल्या दिवशी मी एकाला ओरडलो. दुसऱ्या दिवसापासून ओरडलो नाही.

वर सात जंबो सिलेंडर चालू असायचे, प्रत्येकावर तीन नळ्या. जंबो सिलेंडर म्हणजे दीड मण लोखंड. भरलेला आणि रिकामा बाहेरून सारखेच दिसतात. म्हणून मी ऑर्डर काढली. प्रत्येक सिलेंडरच्या गळ्यात पुठ्ठ्याची पट्टी. पट्टीवर जाड मार्करनं, हिंदीत, सगळ्यांना कळेल असं: 'भरा' किंवा 'खाली'. अक्षर माझं. रिकामे पोर्चमध्ये, भरलेले आत. व्हॉल्व्हची चावी एकच होती, ती माझ्या खिशात. लग्नांच्या वेळी वापरायचे चार वॉकीटॉकी सेट हॉलमध्येच मिळाले. त्यावरही माझी ऑर्डर: सेटवर फक्त हिंदी. ऐकणाऱ्यानं निरोप परत म्हणायचा, मगच आउट. मॅडम म्हणाल्या, "अंकल, आप तो पूरी फौज खड़ी कर दोगे." मी म्हणालो, "मैडम, फौज नहीं, आदत."

पाचव्या दिवशी कमलवहिनी आल्या. सॅचुरेशन चौऱ्याऐंशी. मी त्यांना बेड नऊ दिला, खिडकीजवळचा. नातेवाइकांना वर येऊ द्यायचं नाही असा नियम होता. भाऊ गेटवर तासभर उभे राहिले आणि मग मला सेटवरून बोलावून घेतलं.

"साहेब, व्हॉलंटियरला वर येऊ देतात ना?"

"कामापुरतं."

"मग मला घ्या. मला माणसाचं काही येत नाही. व्हॉल्व्ह येतो, वॉशर येतो, नळी येते."

घेतलं. आणि सांगतो, त्यांच्यासारखा माणूस मला दोन टेन्युअरमध्ये मिळाला नव्हता. गळणारे रेग्युलेटर त्यांनी दोन दिवसांत बसवून दिले. तळमजला त्यांचा, वरचा माझा. सकाळी एकदा वर येऊन ते सातही सिलेंडरांचे जॉइंट तपासायचे, आणि बेड नऊचा जॉइंट सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात सावकाश. वहिनी मास्कमधून म्हणायच्या, "झालं का तपासून? आता जेवायला जा घरी. उपाशी माणूस काय लोखंड उचलणार?" रोज साडेबाराला भाऊ मुकाट घरी जायचे. सुनीता ताट वाढून ठेवायची. वहिनींचा हुकूम होता, त्यात सूट नव्हती.

भाऊ आणि मी सेटवर हिंदी बोलायचो, पहिले दोन दिवस. मग कधी मराठीवर आलो ते कळलं नाही. दिवसभर हिंदीत ओरडून घसा सुकलेला, घाम, पीपीई किट, चष्म्यावर वाफ. त्यात आपल्या माणसाचा आवाज आला की तोंडातून आपलं निघतं. ऑर्डर माझीच होती. मोडलीही मीच.

वहिनी सुधारत होत्या. आल्यापासून चौथ्या दिवशी ब्याण्णव, पाचव्या दिवशी त्र्याण्णव. त्या सकाळी मला म्हणाल्या, "भाऊजी, सोडा आता. घरी तुळशीला पाणी घालत नसतील हे." मी म्हणालो, दोन दिवस थांबा. मला खात्री होती. भाऊंनाही मी तसंच सांगितलं होतं, दोन दिवसांत घेऊन जा.

त्याच दिवशी दुपारी बारा चाळीसला सहा भरलेले सिलेंडर आले. भाऊ जेवायला गेलेले. मी उतरलो, सहाही मोजले, चावीनं प्रत्येक व्हॉल्व्ह जरासा उघडून पाहिला, फुल. पोर्चमध्ये ऑटोतून उतरवलेल्या माणसांमुळे जागा नव्हती, म्हणून जिन्यामागे उभे करून घेतले. पट्ट्या वर राहिल्या होत्या. लिहून लावतो म्हणेपर्यंत सिस्टर रुखसारची हाक आली, "अंकल, बारह नंबर!" मी वर पळालो. सहा सिलेंडर बिनपट्टीचे राहिले. ही माझी पहिली चूक.

बेड बारा म्हणजे श्रीवास्तवजी, कोटरा सुल्तानाबादचे, रिटायर्ड क्लार्क. ऑक्सिजन कमी पडला की माणूस भ्रमात जातो. ते मास्क ओढून काढत होते आणि मला ऑफिसातला शिपाई समजून फाइल मागत होते. दीडएक तास मी त्यांच्याशी झटत होतो.

एक पंचावन्नला रिफिलिंगचा टेम्पो आला. त्याची वेळ पाचची होती. हे मला नंतर कळलं. ड्रायव्हर इंजिन बंद करायला तयार नव्हता. "खाली जितने हैं चढ़ा दो, पाँच मिनट. उधर प्लांट पे लाइन लगी है." भाऊ नुकतेच जेवून परतले होते. पोर्चमधले तीन रिकामे त्यांनी चढवले. मग त्यांना जिन्यामागचे सहा दिसले. पट्टी नाही. चावी वर. तेव्हा त्यांनी करायला हवं तेच केलं. विचारलं.

माझ्या दोन्ही हातांत श्रीवास्तवजींचे हात होते. सेट खांद्याला, कानावर किटची टोपी. खरखर आली आणि भाऊंचा आवाज तुकड्यातुकड्यात.

"साहेब... सहा सिलेंडर... आहेत? ओव्हर."

मला वाटलं, कुठे आहेत विचारतायत. ते आले तेव्हा भाऊ नव्हते ना. मी हनुवटीनं बटण दाबलं.

"सहाही खाली. ओव्हर."

"सहाही खाली. रॉजर. आउट."

निरोप परत म्हटला गेला, बरोबर म्हटला गेला. फौजेत सव्वीस वर्षं मी ज्या गोष्टीवर विसंबलो ती झाली. त्यांनी विचारलं होतं, कसे आहेत. मी सांगितलं, तळमजल्यावर आहेत. त्यांनी ऐकलं, रिकामे आहेत. त्या हॉलमध्ये त्या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता, आणि तो अर्थ मीच मार्करनं लिहून प्रत्येक सिलेंडरच्या गळ्यात बांधला होता.

दोन पन्नासला सातपैकी तीन सिलेंडरांचे काटे लाल पट्टीत आले.

"भाऊ, नव्यातला एक वर पाठवा. ओव्हर."

"कोणता नवा? ओव्हर."

"जिन्यामागच्या सहातला."

या वेळी भाऊंनी ओव्हरही म्हटलं नाही.

"ते गेले, साहेब. टेम्पोत चढवले. खाली होते ना? तुम्हीच म्हणालात."

मला शब्द कळायला दोन सेकंद लागले असतील. मी खिडकीशी गेलो. भाऊ अंगणात उभे, डोकं वर करून बघत होते. माझ्या हाताशी बेड नऊ.

"मी जातो प्लांटवर," सेटवर ते म्हणाले. "नऊला सांगू नका. ओव्हर."

"रॉजर."

त्यांची स्कूटर सुरू झाल्याचा आवाज वरपर्यंत आला.

मी मॅडमना कळवलं. आता हिंदीत, एकेक शब्द सुटा. "मैडम, ऊपर बैकअप ज़ीरो. मेरी गलती. तीन सिलेंडर आधे घंटे के."

"ज़ीरो? दोपहर को तो छह..."

"गए. बाद में बताऊँगा."

त्यांनी ओपीडीतला एक सिलेंडर काढून वर पाठवला. खुर्च्यांवरच्या माणसांच्या तोंडचा काढून. टेम्पोवाल्याचा फोन लागत नव्हता. मी ॲम्ब्युलन्सला फोन केला, वेटिंग. तीन हॉस्पिटलांना केला, एकानं उचलला आणि "नहीं है" एवढंच म्हणून ठेवला.

मॅडम वर आल्या. एकवीस पेशंट, भरवशाचे पाच सिलेंडर. त्या म्हणाल्या, "जो संभल सकते हैं, उनका फ्लो घटाइए, अंकल. जो नहीं, उनको दीजिए." ऑर्डर बरोबर होती. मी तीच दिली असती. ज्याच्यात जीव आहे त्याचं घेऊन जो बुडतोय त्याला द्यायचं. पूर्ण हॉलमध्ये सगळ्यात चांगलं सॅचुरेशन कोणाचं होतं? बेड नऊचं.

मी वहिनींचा फ्लो सहा लिटरवरून दोनवर आणला. उरलेला बेड चारला दिला. बेड चार म्हणजे रशीदा, चोवीस-पंचवीसची, सॅचुरेशन अठ्ठ्याहत्तर, ओठ निळे. मी वहिनींना पालथं झोपायला लावलं, छातीखाली उशी दिली.

"भाऊजी, हे वारं कमी का झालं?"

"सिलेंडर बदलतोय, वहिनी. थोडा वेळ."

"हे कुठे आहेत?"

"कामात आहेत."

"जेवले का?"

"जेवले."

"मग ठीक," त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटले.

तीन वीसला त्या नव्वद होत्या. तीन पस्तीसला पंच्याऐंशी. मी फ्लो चारवर नेला, बेड दहाचं सॅचुरेशन घसरलं, पुन्हा तीनवर आणला. तीन अठ्ठेचाळीसला श्रीवास्तवजी गेले. मी त्यांची नळी बंद करून तेवढा फ्लो बेड अकराचा वाढवला. तेव्हा मनात एकच विचार आला, एक नळी मोकळी झाली. हा विचार माझ्या मनात आला हे मी कोणाला सांगितलेलं नाही, इथे पहिल्यांदा लिहितोय. लाज वाटते.

तीन बावन्नला वहिनींच्या सिलेंडरचा काटा शून्यावर टेकला. त्यावर आठ, नऊ आणि दहा असे तिघं होते. मी आणि रुखसारनं शेजारच्या सिलेंडरवरून एक नळी ओढून आणली आणि ती पाच-पाच मिनिटं तिघांना फिरवायला लागलो. घड्याळ बघून. पाच मिनिटं आठ, पाच मिनिटं नऊ, पाच मिनिटं दहा. नळी काढताना वहिनींनी माझं मनगट पकडलं. बोलायला श्वास नव्हता. त्यांची बोटं मी एकेक करून सोडवली, कारण दहाची पाळी होती. अहो, ज्या हातानं दिवाळीला माझ्या ताटात अनरसे वाढले त्या हाताची बोटं मी एकेक करून सोडवली.

चार वाजून दहा मिनिटांनी कमलवहिनी गेल्या. मी छाती दाबत होतो, रुखसार मोजत होती. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा थांबलो. चादर नीट करायला वेळ नव्हता. चेहऱ्यावर ओढली आणि नळी आठला लावली.

चार पंचवीसला जिन्यावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. भाऊ एका टेम्पोतून चार सिलेंडर घेऊन आले होते. प्लांटवर सहाही भरलेले निघाल्यावर तिथल्या माणसांनी ते रांगेतल्या लोकांना द्यायला काढले होते. त्यांचा दोष नाही, प्रत्येकाच्या घरी कोणीतरी धापा टाकत होतं. दोन गेले होते. उरलेले चार भाऊंनी कसे सोडवून आणले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांच्या शर्टाची बाही फाटलेली होती.

पहिला सिलेंडर त्यांनी तिघांसह स्वतः वर चढवला आणि सरळ आठ-नऊ-दहाच्या सिलेंडरशी नेला. बेडकडे पाहिलं नाही. माझ्यापुढे हात केला.

"चावी."

मी चावी दिली. त्यांनी रेग्युलेटर काढला, बसवला, वॉशर तपासला, व्हॉल्व्ह उघडला. मग मान वळवली. चादर पाहिली. मग खाली वाकून त्यांनी तिसरी नळी बंद केली आणि उरलेल्या दोन सोडल्या.

"आठ आणि दहा चालू. ओव्हर," ते म्हणाले. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो. सेट त्यांच्या हातात नव्हता.

"आठ आणि दहा चालू," मी म्हणालो. "रॉजर."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला भाऊ हॉलवर हजर. मी म्हणालो, "भाऊ, घरी जा." ते म्हणाले, "वर किती आहेत?" मी म्हणालो, "एकोणीस." ते पोर्चमध्ये जाऊन सिलेंडर मोजायला लागले. त्या दिवसापासून पुठ्ठ्याच्या पट्ट्या बंद. सुनीतानं तिची एक हिरवी साडी आणि एक लाल साडी फाडून चिंध्या दिल्या. हिरवी म्हणजे भरलेला, लाल म्हणजे संपलेला. सेटवर हिरवा आणि लाल, दुसरा शब्द नाही. तिला सगळं मी आदल्या संध्याकाळीच सांगितलं होतं.

भाऊंना सांगायला मला तेरा दिवस लागले. मॅडमना लेखी रिपोर्ट त्याच दिवशी दिला होता: टॅगिंग केलं नाही, रेडिओ प्रोसीजर मोडली, जबाबदार मी. तो लिहायला दहा मिनिटं लागली. पण जिना उतरून शेजाऱ्याच्या दारात उभं राहायला तेरा दिवस. ते एकटेच ओट्यावर बसले होते. मधल्या काळात ते येईल त्याला सांगत होते, माझ्याच हातानं चढवले, माझ्याच हातानं. आणि मी ते वरून ऐकत होतो.

"भाऊ, चूक तुमची नाही. पट्ट्या मी लावल्या नाहीत. हिंदीत बोलायची ऑर्डर मी मोडली. मी खाली म्हणालो ते जिन्यामागे या अर्थानं. आणि वहिनींचा फ्लो मीच कमी केला. आधी त्यांचाच केला."

भाऊंनी अंगणातल्या तुळशीकडे पाहिलं.

"तिचाच का?"

"सगळ्यांत बऱ्या त्याच होत्या."

"हो," ते म्हणाले. "बरी झालीच होती ती." आणि मग ते रडले. मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल असे. मीही रडलो. सुनीता वरच्या गॅलरीत उभी होती, ती आत गेली.

शेवटी डोळे पुसून ते म्हणाले, "साहेब, तुम्ही खाली म्हणालात, मी खाली ऐकलं. कोणाला शिक्षा करायची ते सांगा."

रशीदा वाचली. आठ आणि दहाही घरी गेले. हॉलमध्ये आता पुन्हा लग्नं लागतात. त्या दुपारी माझ्या ड्यूटीवर दोघं गेले. बेड बारा, श्रीवास्तवजी. बेड नऊ, कमल प्रभाकर इंगळे. फौजेत आम्ही गेलेल्यांची नावं उभं राहून घ्यायचो. वर्षातून एकदा, त्या दिवशी, चार वाजून दहा मिनिटांनी, मी आणि भाऊ ओट्यावर उभे राहतो. नावं मी घेतो. मग भाऊ तुळशीला पाणी घालतात.

फिरायला आम्ही अजून जातो. साडेपाचला भाऊ अंगणात येतात आणि डोकं वर करून उभे राहतात. पहिले काही महिने त्यांना हाकच मारता येत नव्हती. नुसते उभे राहायचे, मला दिसेपर्यंत. मग एक दिवस त्यांनी हाक मारली, आणि तेव्हापासून तीच मारतात.

"साहेब, उतरा."

मी उतरतो.